बाहेरचं काही नको

१

मोठीचा दिवस बाल्कनीच्या दाराशी भांडून सुरू व्हायचा. दाराआड नवऱ्याने मातीची पोती, खताचे डबे आणि अर्धी कापलेली पिंपं रचून ठेवली होती, त्यामुळे दार निम्मंच उघडायचं. आधी ओल्या कपड्यांची बादली बाहेर सरकवायची, मग श्वास रोखून, पोट आत ओढून स्वतः जायचं. पालकाच्या ट्रेला पाय लागला की आतून आवाज यायचाच, "अगं, सांभाळून." तिच्या गुडघ्याला लागायचं तेव्हा मात्र कोणाला सांभाळायचं सुचत नसे.

भावंडांत थोरली म्हणून माहेरी तिला मोठी म्हणत. लग्नानंतर तेच नाव सासरीही चिकटलं. दिवसभर ती कोपऱ्यावरच्या दुकानात शिलाई मशीनवर बसायची. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, अंग सुटलेल्यांचे कपडे उसवून सैल करायचे आणि वर "कापडच आटलं असेल हो" असं तोंड भरून सांगायचं, हे तिचं काम.

नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाला होता. चार दिवस त्याने घरातल्या नळांचे वॉशर बदलले, मग फोनवर कुठले कुठले व्हिडिओ बघितले आणि एका संध्याकाळी जाहीर केलं की यापुढे भाजी घरातच पिकवायची. बाजारातलं सगळं औषध फवारलेलं असतं. स्वतःपुरतं स्वतः पिकवणाऱ्या माणसाला कोणापुढे मिंधं व्हावं लागत नाही. बाहेरचं काही नको. मोठीने मान डोलावली. निवृत्त माणसाला काहीतरी नाद हवाच, आणि हा नाद पत्त्यांच्या अड्ड्यापेक्षा बरा, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून आली तर जिन्यात कचऱ्याच्या पिशवीशेजारी तिची फुलझाडं पडली होती. मोगरा, शेवंती आणि भिंतीवर चढवलेला गुलाब, सगळी उपसलेली, मुळं वर करून. कुंड्या हव्या होत्या, म्हणून.

"फुलांनी पोट भरतं का?" नवऱ्याने विचारलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

ती ओरडली नाही. तिचा राग ओरडण्यातला नव्हता, तो घट्ट टाक्यासारखा आत बसायचा. तिने एवढंच सांगितलं, "या कुंड्यांतलं एक पानसुद्धा माझ्या तोंडात जाणार नाही."

नवरा हसला. मुलगीही हसली. मोठीने शब्द पाळला.

२

मुलीला घरात ठकी म्हणत. लहानपणी ती बाहुलीसारखी जिथे ठेवाल तिथे बसून राहायची, तेव्हापासूनचं नाव. आता ती नर्सिंगच्या कोर्सला निघाली होती. दुसऱ्या शहरात, वसतिगृहात राहून शिकायचं होतं. मोठीने तिच्यासाठी पांढरे गणवेश स्वतः शिवले होते, आतून दुहेरी शिवण घालून, रोज धुतले तरी उसवणार नाहीत असे. आपण दुसऱ्यांच्या कपड्यांत जन्म काढला, निदान पोरीने स्वतःचा गणवेश घालावा, एवढी एकच गोष्ट मोठीने देवाकडे आणि नवऱ्याकडे मागितली होती.

बाल्कनी फळाला आली ती एकदम. पालक कापला की पुन्हा यायचा. पुदिना ट्रेबाहेर लोंबायला लागला. टोमॅटोचे घोस वाळत घातलेल्या कपड्यांना डाग पाडायला लागले. शेजारणी जिन्यात थांबून कौतुक करत आणि नवरा त्यांना माती कशी कालवावी ते सांगत बसे. ओला कचरा, वाळका पाला, भाज्या धुतलेलं पाणी, सगळं पुन्हा कुंडीतच. घरातलं घराबाहेर जाता कामा नये.

मोठी बापलेकींसाठी रांधायची आणि स्वतः दुकानात पाव आणि अंडी खायची. आपल्याच घरी आपण पाहुण्यासारखं जेवण टाळतोय, हे तिला टोचायचं. पण एकदा बोललेलं मागे घेतलं असतं तर साहेबांच्या मिशीला पीळ बसला असता. रागात असली की ती नवऱ्याला साहेब म्हणायची. त्या दिवसांत दुसरं काही म्हणतच नव्हती.

मग एका सकाळी तिने तांदळाचा डबा उघडला. मागच्या वेळी भरताना तिने तांदळावरून सवयीने हात फिरवून ते सपाट केले होते. बोटांच्या रेघा अजून तशाच होत्या.

पण भात तर रोज होत होता. निदान तिला तसं वाटत होतं. आठवायला गेली तर लक्षात आलं की पातेल्यात कालचा उरायचा, तोच ती गरम करायची, तो पुन्हा उरायचा. ताटं धुवायची सवय म्हणून धुतली जात होती. त्यांना खरकटं लागलेलं तिने कधी पाहिलं होतं, ते आठवेना.

तिने संध्याकाळी विचारलं. नवरा म्हणाला, ताज्या भाजीत दम असतो, थोडीशी पुरते. ठकीनेही तेच सांगितलं. बापाचा पोपट, मोठीच्या मनात आलं. मी काय भिंतींसाठी रांधते, असं म्हणून तिने पातेलं इतक्या जोरात आपटलं की बुडाला पोचा आला.

दोघांपैकी कोणी दचकलं नाही.

३

खुर्च्या हलत होत्या.

मोठी सकाळी निघायची तेव्हा जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या बाल्कनीच्या दारात असत आणि बापलेक त्यांवर बसलेले असत, हात मांडीवर, तळवे वर. दुपारी ती क्वचित घरी आली तर त्याच खुर्च्या मधल्या खोलीत. संध्याकाळी मागच्या खिडकीशी. फरशीवर खुर्च्यांच्या पायांचे ओरखडे उमटले होते, एका खिडकीपासून दुसरीपर्यंत वळत गेलेले.

यात काय आहे, तिने स्वतःला समजावलं. घर दमट आहे. म्हाताऱ्या हाडांना ऊब लागते. ठकीची हाडं म्हातारी नव्हती, पण बापाला सोबत करत असेल. जायचे दिवस जवळ आले की मुली हळव्या होतात. मोठी स्वतःच्या लग्नाआधी आठवडाभर गोठ्यात जाऊन बसली होती, तिला कुठे कोणी वेडी म्हटलं?

तरी तिने एकदा ठकीची बॅग उघडून पाहिली. गणवेश घडी करून ठेवलेले होते. बाकी बॅग रिकामी.

"सामान कधी भरणार गं?"

"बघू," ठकी म्हणाली. ती खिडकीकडेच बघत होती.

"बघू म्हणजे? वसतिगृहात तुला कोणी बसून खायला घालणार नाही."

"नकोच आहे कोणी घालायला," ठकी म्हणाली, आणि इतकं छान हसली की मोठीच्या अंगावर काटा आला. त्या हसण्यात कुठे काही कमी नव्हतं. वीस वर्षांच्या पोरीच्या हसण्यात काहीतरी हवंसं असावं लागतं. सिनेमाला जायचं असतं, कोणाचा फोन यायचा असतो, चप्पल जुनी झालेली असते. ठकीच्या चेहऱ्यावर कशाचीच वाट बघणं उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मोठीने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. कुंडीची माती उन्हात तडकलेली असली आणि वरून पाणी घातलं की ती कशी बारीक किरकिरते, चुटचुट बुडबुडे सोडत पाणी आत ओढते, तो आवाज. जिने झाडं वाढवली आहेत तिला तो झोपेतही ओळखू येतो. मोठी हातातली इस्त्री उभी करून बाल्कनीत गेली. कुंड्या कोरड्या होत्या. कोणी पाणी घालत नव्हतं.

आवाज आतल्या खोलीतून येत होता. नवरा खुर्चीत बसला होता, पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून.

"टाचांना भेगा पडल्यात," तो म्हणाला. तिने काही विचारलं नव्हतं.

४

तिने डॉक्टर आणला. चौकातल्या दवाखान्यातला, घरी यायला कटकट करणारा. त्याने दोघांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या. नाडी जरा संथ आहे म्हणाला, अंग गार आहे, पण रंग काय सुरेख आहे, माझे सगळे पेशंट असे असते तर मी दवाखाना बंद करून मासे पकडायला गेलो असतो. मोठी सांगत राहिली की हे लोक जेवत नाहीत. नवऱ्याने शांतपणे सांगितलं की जेवतो, हिलाच आमच्या भाजीचा राग आहे. शेवटी डॉक्टरने मोठीचंच ब्लडप्रेशर मोजलं आणि जरा कमी चिडत जा असा सल्ला दिला.

तो गेल्यावर तिने अंडं उकडलं. सोललं, मीठ लावलं, चार फोडी केल्या आणि ठकीच्या समोर बसली. एक फोड तिच्या तोंडात घातली, अगदी लहानपणी घालायची तशी, एका हाताने हनुवटी धरून.

ठकीने तोंड मिटलं. मग काहीच केलं नाही. थुंकलं नाही, चावलं नाही. तोंडात ठेवलेल्या वस्तूचं काय करायचं असतं, ते तिला आठवत नसावं. आई रागावू नये म्हणून ती ओठ मिटून बसली होती एवढंच. मोठी बघत राहिली. बराच वेळ गेल्यावर ठकीने फोड हळूच हातावर काढली. ती जशीच्या तशी होती. ओलीसुद्धा झालेली नव्हती.

मोठीने तिच्या कानशिलात मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली.

ठकीचा गाल गार होता आणि जरा ताठ. तिने हात गालाकडेही नेला नाही. "आई, तू पण खा ना आमच्यातलं," ती म्हणाली, "मग तुला इतका राग येणार नाही."

"बाहेरचं काही नको आम्हाला," खुर्चीतून नवरा म्हणाला. टोमणा नव्हता तो. समजूत घालत होता.

मोठी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिच्या मनात आलं की या घरात आता फक्त तिचा रागच तेवढा जेवणखाण करून जगतो आहे. तो सोडला की संपलं.

५

ज्या दिवशी ठकीला निघायचं होतं, त्या दिवशी मोठीने दुकानातून दुपारीच सुट्टी घेतली. किल्लीने दार उघडून आत आली. पंखा बंद होता, रेडिओ बंद होता. घरभर तो चुटचुट आवाज भरून होता.

ऊन कललं होतं, आणि दोघं मागच्या खिडकीत होती. खुर्च्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि दोघांचे पाय एकाच मोठ्या टबात, घोट्याच्या वरपर्यंत. तोंडं उन्हाकडे. डोळे मिटलेले नव्हते, आणि उघडे असूनही पाणावत नव्हते.

"ठके, ऊठ. गाडी चुकेल."

ठकी उठली नाही. मोठीने तिला काखेत हात घालून उचललं. ती हलकी होती, भलतीच हलकी, पण पायाशी कुठेतरी अडली. मोठीने दात खाऊन ओढलं. आधी ताण आला, मग आतल्या आत काही तुटत गेलं, कोथिंबिरीची जुडी ओल्या मातीतून उपसताना तुटतं तसं, आणि ठकी एकदम तिच्या अंगावर आली. टबातलं पाणी गढूळ झालं.

मोठीने खाली पाहिलं नाही. पाहायचं नाही असं तिने ठरवलं, आणि ठरवलेलं पाळण्यात ती पटाईत होती. न बघताच तिने लेकीच्या पावलांना टॉवेल गुंडाळले. हाताला जे लागलं ते केसांसारखं मऊ होतं आणि खूप होतं. तिने टॉवेलची गाठ आवळली.

नवऱ्याने मान वळवली नव्हती. मोठी दारापाशी पोहोचली तेव्हा तो बोलला.

"तिला उन्हातून ने गं," तो म्हणाला. इतक्या मायेने तो तिच्याशी निवृत्त झाल्यापासून बोलला नव्हता. लग्न झाल्यापासूनही कदाचित बोलला नव्हता.

तिने दार धाडकन ओढून घेतलं.

६

वसतिगृहाचा प्रश्नच नव्हता. मोठीने रिक्षा धाकटीच्या घराकडे घ्यायला सांगितली. धाकटी तिची बहीण, तळमजल्यावर एकटी राहणारी. जगात कोणी काहीही सांगितलं तरी आधी चहा टाकायचा, अशी बाई. रस्ता वळला की ठकीचं तोंड वळायचं. उजवीकडे वळला तर डावीकडे, डावीकडे वळला तर उजवीकडे, ऊन असेल तिथे. रिक्षावाला आरशातून बघत होता. "मान धरलीय तिची," मोठी त्याच्यावर खेकसली.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. चहा टाकला. ठकीपुढे कप ठेवला, तो गार झाला, तो उचलून ती स्वतःच प्यायली.

"मोठे, भाऊजी तिकडे एकटेच आहेत का?"

"मरू देत तिकडे. त्यांना काही लागत नाही."

"आणि हिचं काय करायचं?"

मोठीने रस्त्यातच ठरवलं होतं. जे खाऊन पोरगी जगते आहे ते तोडायचं. उपाशी राहिली की माणसाची भूक परत येईल. धाकटीच्या घरात जिन्याखाली एक सामानाची खोली होती, बिनखिडकीची. त्यातल्या गाद्या आणि खोके त्यांनी बाहेर काढले, चटई टाकली, पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवला नाही. ठकी नाही म्हणाली नाही. दार लावताना तिने फक्त मोठीच्या खांद्यावरून मागे, उघड्या पुढच्या दाराकडे, शेवटपर्यंत पाहिलं.

इतकी वर्षं कुंड्या सांभाळलेल्या बाईला एक गोष्ट कळायला हवी होती. अंधारात ठेवलेलं रोप मरत नाही. आधी ते दुसरंच काहीतरी करतं. पण रागात माणसाला हाताशी असलेली कात्री दिसत नाही, तशी ही गोष्टही मोठीला दिसली नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताट घेऊन त्या दारासमोर बसली. भात, वरण, उकडलेला बटाटा. वास आत जावा म्हणून झाकणही ठेवलं नाही.

ती बोलत होती. रात्रभर मनात साठलेलं सगळं तिने दाराला सुनावलं. तुझ्या बापाने मला कधी काही विचारलं नाही, निदान तू तरी विचारायचंस. तिकडे तुझी जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाकतील. मी डोळे फोडून शिवलेत ते गणवेश. कोणाचं काही लागत नाही म्हणे. आईसुद्धा लागत नाही का गं तुला?

मग आवाज आला, जवळून, आणि बराच खालून.

"आई."

"काय गं?"

"भूक लागलीय."

ताट सांडेल म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरलं. "लागली ना? लागणारच. काय देऊ, भात देऊ? बटाटा देऊ, तुला आवडतो तो?"

चटई घासल्याचा आवाज आला, आणि मग लाकडाचा. दाराची खालची फळी कोणीतरी आतून बोटांनी चाचपडत होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

पुढचं दार उघडं होतं आणि ऊन फरशीवरून पुढे आलं होतं. त्याची कड मोठीच्या पाठीशी पोहोचली होती. तिच्यापुढे, दारापर्यंत, तिची स्वतःची सावली पडली होती.

दाराखालच्या फटीतून आधी नखं आली. मग बोटं. ठकीचीच होती, करंगळीवरचा भाजल्याचा डाग तिथेच होता. पण ती पांढरीफटक होती, पाण्यात राहिलेल्या देठासारखी, आणि येत होती. पेर संपलं की थांबायला हवी होती तिथे थांबली नाहीत. फरशीला चिकटून, जराशी थरथरत, ती बाहेर येतच राहिली. ताटाच्या कडेपाशी आली. ताटाला वळसा घालून पुढे गेली. मोठीच्या सावलीत येऊन ती थांबली आणि इकडे तिकडे हलू लागली, कड शोधत.

मोठी हलली नाही. तिला अजून राग येत होता. नवऱ्याचा, कुंड्यांचा, डॉक्टरचा, या मुकाट ऐकणाऱ्या पोरीचा. तो तिने जिवाच्या आकांताने धरून ठेवला. नुसतं असंच बसून राहिलं तरी पुरे होतं. दुपारपर्यंत ऊन निघून गेलं असतं. तिच्या पायाच्या अंगठ्याला एक बोट लागलं. गार होतं. लहानपणी ठकी झोपेत आईचा पदर चाचपायची, तितकंच हळू ते तिच्या पावलावरून फिरलं, आणि त्यात कसला हट्ट नव्हता. फक्त भूक होती.

स्वयंपाकघरातून धाकटीने विचारलं, "मोठे, खातेय का गं पोरगी?"

मोठीने ताट उचललं आणि ती बाजूला सरकली. फरशीवर ऊन पडलं.

"हो," ती म्हणाली. "खातेय."